मधल्या टोपलीतला मका

ऑगस्टचं, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातलं, दहिवर त्या पहाटे असं पडलं होतं, की गोठ्याकडं जाताना गवत पायाखाली पापडासारखं मोडत होतं. ओंदिनानं दोन्ही हात काखेत दाबून ऊब आणली आणि मग आचळाला लावले, तरी गाईनं शेपटीचा एक फटका दिलाच.

"घे, तू बी मार," ती म्हणाली.

चरवी घेऊन ती घरात आली तेव्हा तिचा नवरा आदांव चुलीवर पाईनच्या बिया भाजत होता आणि कडू हिरव्या चहाचा तुंबा भरत होता. आदांवची एक रीत होती. बोलायची वेळ आली की तो आधी तुंब्याच्या नळीतून लांब घोट ओढायचा, आणि बहुतेक वेळा त्या घोटाबरोबर बोलणंही गिळून टाकायचा.

"टोपली भरलीस?" त्यानं विचारलं.

"भरली."

"पट्टी लावून बघितलीस?"

ओंदिनानं दूध गाळायचं फडकं गरजेपेक्षा जास्त पिळलं. "आजवर कवा बघितलीय का?"

आदांवनं घोट ओढला.

त्या दिवशी पिन्याल वसाहतीत बियाण्यांची जत्रा होती. वसाहत चळवळीची, भूमिहीनांनी ताब्यात घेऊन कसलेली. तिच्या चारी बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, कंपनीच्या, जनुकं बदललेल्या बियाण्याचा सोया आणि मका. कंपनीचा मका तुऱ्यावर आला की त्याची भुकटी वाऱ्यावर बसून हव्या त्या बांधापलीकडं जाते आणि घरच्या मक्याच्या कणसात शिरते. बाहेरून काही दिसत नाही. दाणा तसाच पिवळा, चव तशीच गोड; पण पुढच्या वर्षी पेरायला घेतलं ते आपलं उरलेलं नसतं. म्हणून जत्रेचा एक नियम होता. दारात टेबल मांडायचं, येईल त्या मक्याचे मूठभर दाणे खलात कुटायचे, पाणी घालायचं आणि त्यात विद्यापीठातून आणलेली कागदाची पट्टी बुडवायची. पट्टीवर एक रेघ उठली तर मका आत. दोन उठल्या तर पोतं बाहेरूनच घरी.

त्या टेबलावर बसायचा मान ओंदिनाचा. आणि तिचा स्वतःचा मका त्या टेबलावर कधीच आला नव्हता, कारण तो त्या दारानं आत जातच नसे. जत्रेच्या सुरुवातीला मिस्तिका असते: जमिनीवर कापड अंथरतात, त्यावर माती, पाणी, फळं, कोयता मांडतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी ढोलाच्या तालावर ओंदिनाची टोपली मधोमध येऊन बसते. देवापुढचा नैवेद्य कोण चाखून बघतं?

मका तसा होताही देखणा. कणसावरची पाती वांग्यासारखी जांभळी आणि ती सोलली की आत पिवळाधमक दाणा. ओंदिनाच्या आईचं, झेफाचं, ते बियाणं. ओंदिनाचा बाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं कसायचा. मालकानं ट्रॅक्टर आणला तशी अर्धेलीची सगळी कुटुंबं हाकलली गेली आणि हमरस्त्याच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकच्या झोपड्यांत जाऊन राहिली. झेफानं कणसं झोपडीच्या आडव्या दांडीला टांगली होती. त्यांना कुणी हात लावायचा नाही. एकदा, चुलीत नुसतं पाणी उकळत असताना, लहानग्या ओंदिनानं त्यातलं एक उतरवून, निखाऱ्यावर भाजून, झोपडीमागं बसून खाल्लं. आईनं तिला मारलं नाही. दाणे खाल्लेलं ते बुरकुंड तिनं धुतलं, आणि परत त्याच दांडीला, इतर कणसांच्या रांगेत टांगलं. जमीन मिळून मुक्काम हलेपर्यंत ते तिथंच लोंबत होतं. येणारा जाणारा विचारायचा, "हे मधलं उघडं कसं काय?" आई म्हणायची, "त्ये आमच्या ओंदिनाला ठावं."

ओंदिना पुढं चळवळीच्या सभांमधून हे सांगायची तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सांगता सांगता गोष्ट घोटीव झाली होती. बुरकुंडाकडं बघताना कानशिलं कशी तापायची, तेवढं मात्र तिच्या सांगण्यातून कधी गळून गेलं, ते तिलाही कळलं नव्हतं.

दूध झाकून ती अंगणातल्या तारेवर फडकं वाळत घालायला गेली, तर बांधाच्या पलीकडं वाल्दिर उभा. वाल्दिर कंपनीचा मका लावायचा. बियाणं कंपनीचं, औषध कंपनीचं, भावही कंपनीचाच. सभेत ओंदिना अशा लोकांना 'पगार नसलेले नोकर' म्हणायची आणि टाळ्या पडायच्या. पण बांधावर दोघांचं एक ठरलेलं होतं, वाल्दिरच्या बापापासूनचं. आधी ओंदिनानं टोकण करायची, तसा निरोप द्यायचा, मग वाल्दिरनं महिना थांबून पेरायचं. म्हणजे दोघांचे तुरे एका वेळी फुलत नाहीत.

"दोना ओंदिना, आज जत्रा न्हवं?" वाल्दिरनं सगळ्यांसारखंच मानाचं 'दोना' लावून विचारलं. "आमची बायको येती म्हंतीया. तुमच्या त्या काळ्या घेवड्यासाठी."

"येऊ दे की."

वाल्दिर टोपी हातात फिरवत राहिला. "एक इचारायचं व्हतं. औंदा तरी येळेवर सांगा. मागल्या साली मी लई वाट बगितली. आदांवला इचारलं, त्यो म्हनला तिलाच फोन लाव. फोन लावला, तुमी उचललाच न्हाई. पाऊस चालला व्हता निघून. मग काय करतो?"

"सांगते," ओंदिना म्हणाली आणि फडक्याच्या सुरकुत्या काढत राहिली. त्यात सुरकुत्या नव्हत्या.

फोन वाजला होता. तिला चांगलं आठवत होतं. कुरितिबामध्ये, राज्याच्या राजधानीत, विमानानं औषध फवारण्याविरुद्ध मोर्चा होता. मोर्चा संपल्यावर बाकीच्या बाया बसमध्ये बसून परत आल्या, टोकणीचे दिवस होते ना. ओंदिना राहिली. रेडिओवाल्यांनी थांबवून घेतलं, मग विद्यार्थ्यांनी. एका मोठ्या सभागृहात ती आईची, दांडीची, बुरकुंडाची गोष्ट सांगत होती आणि झग्याच्या खिशात फोन थरथरत होता. तिनं वरूनच बटण दाबलं. नंतर पोरापोरींनी तिला गराडा घातला. तिनं बरोबर नेलेली बाटली उघडली. टोकणीपुरतं सोडलं तर घरात राखून ठेवलेलं मागल्या वर्षीचं बियाणं तेवढंच होतं. तिनं ते मूठमूठ वाटलं. पोरं हाताची ओंजळ करून घेत होती. असं कुणी आजवर तिच्या हातून घेतलं नव्हतं.

परत आली तेव्हा वाल्दिरच्या शेतात कोंब वर आले होते. घाईघाईनं तिनं टोकण केली. पुढं दोन्हीकडचे तुरे एकदमच फुलले. वारा त्याच्या बाजूनं होता. ती शेतात उभी राहिली आणि स्वतःला म्हणाली, मधी उंच गजराज गवत हाय, त्ये आडवंल. त्या साली बी धरायचं नाही, खायला ठेवायचं, हे तिला कळत होतं. पण मग जत्रेत टोपली कुठली न्यायची? आणि का नाही आणली, म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

पट्ट्यांचा डबा फडताळात होता. ती रोज त्याच फडताळातून मीठ काढायची.

जत्रेच्या मांडवात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी सुरणासारखे कंद आणले होते, कुणी भोपळ्याच्या बिया, एका म्हातारीनं शेंगदाण्याचे इतके रंग मांडले होते की पोरं ते चिंचोके मोजावेत तसे मोजत बसली होती. ओंदिनाची टोपली आत, ढोलवाल्यांपाशी, भरजरी कापडाखाली झाकून ठेवली होती. ती दारातल्या टेबलावर बसली. खल, पाणी, पट्टी. एक रेघ. आत जा. एक रेघ. आत जा.

"दोना ओंदिना, जरा हळू कुटा, पोलेंत्याला पीठ काढताय का काय?" रांगेतला एकजण म्हणाला.

"तुझा मका एवढा टणक, त्याला मी काय करू? तुझ्या डोक्याच्या शेजारी ठेवला व्हतास का?"

रांग हसली. ओंदिनाही हसली आणि मान वर केली, तर पुढं सिरिलो उभा.

हसू तिच्या तोंडावरच वाळलं. सिरिलो आणि ती एकाच प्लॅस्टिकच्या झोपड्यांत वाढलेले. तिच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला त्यानंच पोरीला हातावर धरलं होतं, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा, ती त्याला कोंपाद्रे. मागच्या एका जत्रेत त्याच्या पांढऱ्या मक्यावर दोन रेघा उठल्या. तशा आधीही काहींच्या उठल्या होत्या, त्यांना तिनं बाजूला बोलावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी रेडिओवाले आलेले. ती उभी राहिली, पट्टी उंच धरली, सगळ्या मांडवाला दाखवली आणि म्हणाली, "घरात चोर शिरला तरी ज्याची झोप मोडत न्हाई, त्यानं राखणदार म्हणून मिरवू नये." सिरिलोनं पोतं खांद्यावर घेतलं आणि चालत गेला. ते सगळं त्यानं डुकरांना घातलं. तेव्हापासून तो मका पेरत नव्हता, नुसता कसावा, साबुदाण्याचा कंद, लावायचा, आणि जत्रेत पाऊल टाकलं नव्हतं.

"तपासायला काय आणलंस?" ती म्हणाली.

सिरिलोनं हातातली प्लॅस्टिकची बाटली टेबलावर ठेवली. धुऊन, उन्हात वाळवून स्वच्छ केलेली. रिकामी.

"आणलं न्हाई काय, दोना ओंदिना," तो म्हणाला. कोमाद्रे नव्हे. "न्यायला आलोय. यंदा परत मका करावा म्हंतो. म्हातारपणी कसावा खाऊन खाऊन पोट फुगलंय."

"आत बघ की. लई जणांनी आणलाय."

"बगितलं. पर मी म्हनलं, एकदा हात पोळलाय. आता घ्यायचं तर तुमच्याच टोपलीतलं. तिथं बघायला नको, डोळं झाकून घ्यावं."

त्याच्या बोलण्यात टोमणा होता का, ती शोधत राहिली. टोमणा असता तर तिला आधार झाला असता. पण सिरिलो नुसता उभा होता, बाटलीचं टोपण उघडून, पाण्याच्या रांगेत उभं राहावं तसा.

आत ढोल वाजायला लागला. चळवळीची मार्लेने धावत आली; जत्रेचं सगळं तीच बघायची. "ओंदिना, चल, टोपली उचल, सुरू करू या."

ओंदिना उठली, आत गेली, टोपलीवरचं कापड बाजूला केलं. एक कणीस घेतलं, जांभळी पाती सोलली, आणि ढोलवाल्यांकडं न जाता परत टेबलाकडं आली. बसली. दाणे सोलले. खलात टाकले, कुटले, पाणी घातलं.

"काय करतीयास?" मार्लेने म्हणाली.

"थांब."

"अगं लोकं उभी हायत—"

"थांब म्हनलं न्हवं."

रांगेतल्या लोकांना वाटलं ही गंमत आहे. कुणीतरी म्हणालं, "बघा, आता दोना ओंदिना दोना ओंदिनालाच पास करतीया!" हशा झाला. पट्टी पाण्यात उभी होती. ओलावा हळूहळू वर चढत होता. पहिली रेघ लवकर उठली. ती सगळ्यांचीच उठते. मग बराच वेळ काही नाही, आणि ओंदिनाच्या मनात आलं, आईनं राखलं. तेवढ्यात खालच्या बाजूला फिकट गुलाबी काहीतरी धरू लागलं, आणि बघता बघता गडद झालं.

मार्लेनेनं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिनं पट्टीवर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "झाकून ठेव. आता मिस्तिका हू दे. टोपली मधी ठेवू, वाटायची न्हाई. नंतर बघू."

ढोल थांबला होता. आतली माणसं दाराकडं बघत होती. ओंदिनाला वाटलं आता आपण उभं राहावं. बोलण्यात तर ती तयार होती. ती उभी राहिली.

"माझा बी बाटलाय," ती शेवटी म्हणाली. आवाज इतका खाली होता की मागच्यांनी "काय? काय म्हनली?" विचारलं, आणि पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. तिची गोष्ट पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या तोंडून मांडवभर गेली.

"वाल्दिरनं काय केलं असंल!" कुणीतरी ओरडलं. "त्या कंपनीच्या कुत्र्यानं—"

"न्हाई," ती म्हणाली. "त्यो थांबला व्हता. मीच हितं न्हवते. मी कुरितिबात भाषण करत व्हते. त्याचा फोन आला, मी बंद केला."

मांडवात कोण कोणाकडं बघतंय हे कळेनासं झालं. मार्लेनेनं सावरायचा प्रयत्न केला. "बरं, हुतंय. जुनं कुणाकडं तरी असंल की. तू इतक्यांना दिलंस दरसाल. कुणाकडं हाय जांभळ्या पातीचा? हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

बायांमधली एक चाचरत म्हणाली, "दोना ओंदिना, तुमीच म्हनायचा न्हवं, 'तुमी घरी बी धरू नका, तुमच्याच्यानं नीट व्हनार न्हाई, दरसाल माझ्याकडनंच न्या.' आमी खाऊन टाकायचो."

ती म्हणाली ते खरं होतं. ओंदिनाला आठवलं, दर जत्रेला माणसं तिच्यापुढं हात पसरून उभी राहायची आणि तिला ते आवडायचं. चळवळ ओरडून सांगत होती की बियाणं एका हातात राहू नये, कंपनी तेच करते. ती स्वतः ते माईकवरून सांगायची.

आदांव कुठूनतरी पुढं आला, टोपली उचलून कमरेवर घेतली आणि बाहेर गाडीकडं चालायला लागला. मिस्तिका झाली, मधली जागा मोकळी ठेवून झाली. माती होती, पाणी होतं, कोयता होता. गाणी म्हणताना प्रत्येकजण त्या मोकळ्या जागेकडं बघत होता आणि ओंदिना मागच्या खांबाला टेकून उभी होती. कानशिलं तापली होती, झोपडीतल्या त्या दांडीखाली तापायची तशी.

सिरिलो गेला नव्हता. तो बाटलीचं टोपण लावून तिच्या शेजारी येऊन थांबला. ती जमिनीकडंच बघत म्हणाली, "तुला त्या दिवशी मी जे बोलले—"

"त्ये ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्ये मी इसरलेलो न्हाई, आनि इसरनार बी न्हाई."

गाणं संपलं. माणसं टाळ्या वाजवत बाहेर पडू लागली.

"आता टेबलावर दुसरी कुनीतरी बसवा म्हनलं पायजे," ओंदिना म्हणाली.

सिरिलोनं विचार केला. "नगं. तुमीच बसा. तुमचा हात बसलाय." मग म्हणाला, "फकस्त पट्टी वर धरून दावू नका. टेबलावरच ठिवा. ज्याची हाय त्येला तेवढी दिसती."

आणि रिकामी बाटली काखेत मारून तो निघाला.

परत येताना गाडीत आदांव बोलला नाही, तुंबा घरी राहिला होता तरी. घराशी आल्यावर म्हणाला, "त्या कालेजातल्या पोरी. त्यांच्याकडं असंल की मूठ-मूठ. बरनीत घालून शोभेला ठेवलं असंल कपाटावर."

"असंल."

"माग."

"मागते." तिला त्या ओंजळी आठवल्या. आता आपण ओंजळ करायची, फोनवरून. दिलेलं परत का हवं आहे, हे सांगायचं. सभागृहात रडलेल्या पोरींना.

पण त्याआधी ती बांधावर गेली. वाल्दिर ट्रॅक्टरखाली आडवा होता, नुसते बूट दिसत होते.

"वाल्दिर!"

तो तेलकट हातांनी बाहेर आला. बायको जत्रेहून आली होती. त्याला सगळं कळलेलं त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"मी यंदा मका टोकणार न्हाई," ओंदिना म्हणाली. "तू तुला हवं तवा पेर. माझ्यासाठी थांबू नगंस."

वाल्दिरनं हात पुसले. "आन् पुढल्या साली?"

"पुढल्या साली मिळालं तर सांगीन."

"मग सांगा," तो म्हणाला. "फोन मी उचलीन."

ती मागं फिरली. कोंबड्या दारात गोळा होऊन कलकल करत होत्या. आदांवनं टोपली ओसरीवर ठेवली होती. तसेच दाणे फेकले असते तर कोंबड्यांनी पायांनी उकरून चार इकडं चार तिकडं उडवले असते, आणि पहिल्या पावसात एखादा कुठंतरी बांधाकडेला उगवला असता. ओंदिनानं हाताची गिरणी ओसरीच्या कठड्याला घट्ट आवळली. जांभळी पाती सोलून एका बाजूला टाकली, दाणे सोडवून गिरणीच्या तोंडात ओतले आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. भरडा खाली घमेल्यात पडू लागला.

"थांबा गं," ती कोंबड्यांना म्हणाली. "बारीक हू दे."